सिलुएता

सिलुएता ही क्युबात जन्मलेल्या अमेरिकी दृश्यकलाकार आना मेन्दिएता (१९४८–१९८५) यांची कलामालिका. स्पॅनिशमधील या शब्दाचा अर्थ छायाकृती. १९७३ ते १९८० या काळात त्यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात आणि मेक्सिको येथे ओढ्याकाठी, रानात, समुद्रकिनाऱ्यावर आपल्या अंगाच्या मापाच्या आकृत्या घडवल्या. या प्रकाराला त्या ‘भू-देह शिल्प’ म्हणत.

मालिकेची सुरुवात मेक्सिकोतील यागुल या प्राचीन स्थळी झाली. तेथील झापोतेक या प्राचीन मेक्सिकन लोकांच्या उघड्या थडग्यात मेन्दिएता विवस्त्र पडून राहिल्या आणि पांढऱ्या फुलांनी अंग झाकून घेतले. छायाचित्रात फुले देहातूनच उगवल्यासारखी दिसतात. पुढे शरीर हळूहळू चित्रातून बाहेर पडले आणि मागे उरला त्याचा ठसा: चिखलात दाबलेला, दगडांनी आखलेला, बर्फात कोरलेला किंवा बंदुकीच्या दारूने पेटवलेला. मालिकेचे खरे बळ या अनुपस्थितीत आहे. कुणीतरी नुकतेच इथून उठून गेले असावे, असे पाहणाऱ्याला वाटत राहते.

यामागे एक ताटातूट आहे. १९६१ मध्ये, बाराव्या वर्षी, मेन्दिएता यांना बहिणीसह आईवडिलांविना अमेरिकेत पाठवण्यात आले. क्रांतीनंतरच्या क्युबातून चौदा हजारांहून अधिक मुले अशी गेली. दोघी बहिणी आयोवातील अनाथालयांत आणि परक्या कुटुंबांत वाढल्या. आई १९६६ मध्ये आली, वडील १९७९ मध्ये. मायदेशाच्या मातीपासून तुटलेली बाई मिळेल त्या मातीत आपला आकार ठेवत जाते, हे समजले की या आकृत्या निव्वळ प्रयोग वाटत नाहीत. मात्र सारे चरित्रावरच सोडणेही अपुरे ठरेल. सांतेरिया हा आफ्रो-क्युबन धर्म आणि प्राचीन मातृदेवता यांचा त्यांचा अभ्यास होता. हात वर केलेल्या आकृत्यांत तो स्पष्ट दिसतो.

या कृती टिकण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. १९७६ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्यांनी वाळूत आकृती खणून तिच्यात लाल रंग भरला. लाटा येत गेल्या, कडा ढासळल्या, रंग पाण्यात पसरला, आणि हे विरघळणे त्या टप्प्याटप्प्याने कॅमेऱ्यात टिपत राहिल्या. आज संग्रहालयांत दिसतात ती अशीच छायाचित्रे आणि सुपर-८ या छोट्या, घरगुती वापराच्या फिल्मवरील चित्रफिती. बहुतेक फितींना आवाज नाही. ज्वाला किंवा पाणी यांखेरीज त्यांत फारसे काही घडत नाही, त्या सावकाश पाहाव्या लागतात.

मेन्दिएता १९८५ मध्ये न्यू यॉर्क येथे ३४ व्या मजल्यावरून पडून, वयाच्या ३६ व्या वर्षी मरण पावल्या. त्या मृत्यूची चर्चा अनेकदा कामाला झाकून टाकते, ही खेदाची गोष्ट आहे. त्याआधी १९८० मध्ये त्यांना क्युबात परतता आले होते. १९८१ मध्ये हवानाजवळच्या हारुको येथील गुहांमध्ये, मऊ चुनखडकात, त्यांनी स्त्रीआकृती कोरल्या आणि त्यांना तेथील मूळच्या ताइनो लोकांच्या देवतांची नावे दिली.