व्हिजन चिप

व्हिजन चिप : प्रकाश टिपणे आणि टिपलेल्या दृश्यातून हवी ती माहिती वेगळी काढणे, ही दोन्ही कामे एकाच चिपवर करणारा प्रतिमा संवेदक. नेहमीच्या कॅमेऱ्यातील संवेदक सर्व पिक्सेलांची मूल्ये बाहेर पाठवतो आणि पुढचे काम वेगळा प्रोसेसर करतो; समोरचे दृश्य तसूभर हलले नसले तरी तीच मूल्ये पुन्हा पुन्हा वाहून न्यावी लागतात. डोळ्याची रीत निराळी आहे. दृष्टिपटलातील कोट्यवधी ग्राही पेशींची माहिती तिथेच गाळली जाऊन सुमारे १० लाख तंतूंच्या नेत्रतंत्रिकेतून मेंदूकडे जाते.

या कल्पनेचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे चक्क संगणकाचा माउस. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड लायन यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या प्रकाशीय माउसच्या चिपवर अवघे १६ पिक्सेल होते. ठिपक्यांच्या कागदावरून माउस फिरताना ज्या पिक्सेलला पुरेसा प्रकाश आधी मिळे तो शेजारच्यांना रोखून धरी आणि उरलेल्या आकृतिबंधावरून चिप हालचालीची दिशा ठरवी. चित्र असे तिच्यातून कधी बाहेर आलेच नाही. दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचे दृष्टिपटल घडवले. त्यातील प्रत्येक पिक्सेल स्वतःच्या प्रकाशाची तुलना आसपासच्या सरासरीशी करत असे.

खरी अडचण जागेची होती. पिक्सेलमध्ये जितकी विद्युत मंडले (सर्किट) घालावीत तितकी प्रकाश झेलणारी जागा आक्रसते आणि पिक्सेलही मोठा होतो. मँचेस्टर विद्यापीठातील स्कॅम्प-५ या चिपमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा छोटा प्रोसेसर आहे, पण तिची मांडणी २५६ × २५६ एवढीच आहे. पिक्सेलांचा थर वर आणि तर्कमंडलांचा (आकडेमोड करणाऱ्या मंडलांचा) थर खाली, अशी सिलिकॉनच्या दोन चकत्यांची जोडणी साधल्यावर ही ओढाताण बरीच सैलावली. सोनीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या आयएमएक्स-५०० मध्ये सुमारे १.२३ कोटी पिक्सेलांच्या खालच्या थरात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून चित्रातील वस्तू ओळखणारी गणनपद्धती, चालवण्याची सोय आहे. काटेकोर व्याख्येने तिला एक चिप म्हणावे की दोन, हा वाद घालता येईल. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच आहे.

असा संवेदक छायाचित्र न देता ‘चौकटीत तीन माणसे, अमुक जागी’ एवढेच कळवू शकतो. त्यामुळे वीज वाचते आणि चेहरेही बाहेर जात नाहीत. मात्र मोजणी चुकली, तर ताडून पाहायला मूळ दृश्य हाती उरत नाही.