अडथळा सरकतो, युक्ती मागे राहते

वेबसाइटचा वेग वाढवण्याचे सल्ले गोळा करायला बसलं की एक गोष्ट लगेच खटकते. निम्मे सल्ले उरलेल्या निम्म्यांच्या विरोधात जातात. एक सांगतो, सगळ्या स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट कोड) एकाच फाइलमध्ये कोंबा. दुसरा सांगतो, त्यांचे तुकडे करा. एक म्हणतो, चित्रं तीन-चार सबडोमेनवर (साइटच्या उपपत्त्यांवर) वाटून ठेवा. दुसरा म्हणतो, सगळं एकाच डोमेनवर असू द्या. यात खोटं कोणीच बोलत नाही. प्रत्येक सल्ला आपापल्या काळात बरोबर होता, कारण तो त्या काळच्या एका विशिष्ट अडथळ्यावर काढलेला तोडगा होता. अडथळा पुढे सरकला, तोडगा मात्र सवयीने चिकटून राहिला. म्हणून या विषयाचा इतिहास निव्वळ हौस म्हणून वाचायचा नसतो. चालू कोडमधलं काय ठेवायचं आणि काय उपटून टाकायचं, हे त्यावरून ठरतं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वेग हा फारसा चर्चेचा विषयच नव्हता. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीचं पहिलं रूप अक्षरशः एका ओळीचं होतं. ब्राउझरने ‘गेट’ म्हणून पत्ता सांगायचा, सर्व्हरने मजकूर पाठवायचा आणि जोडणी तोडून मोकळं व्हायचं. पान म्हणजे मजकूर आणि दुवे, त्यामुळे एका रिक्वेस्टमध्ये, म्हणजे एका मागणीत, काम संपत असे. जोडणी तोडण्याचा तो तपशील तेव्हा निरुपद्रवी होता.

फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी पानातच चित्र बसवणारा इमेज टॅग सुचवला आणि मोझॅक ब्राउझरने तो सर्वदूर नेला. तिथून हिशोब बिघडला. पानात दहा चित्रं असतील तर दहा नव्या जोडण्या आल्या आणि प्रत्येक जोडणीला डेटा हलण्याआधी टीसीपीच्या (डेटा पोचवणाऱ्या खालच्या नियमांच्या) हँडशेकची, म्हणजे जोडणी जुळवण्याची, एक पूर्ण फेरी आली. नेटस्केपने यावर सरळ उपाय केला. त्याने एकाच वेळी चार जोडण्या उघडायला सुरुवात केली. सर्व्हर चालवणाऱ्यांना हे अर्थातच आवडलं नाही.

याच काळातली एक छोटी गोष्ट पुढे फार शिकवून जाते. चित्र उतरेपर्यंत ब्राउझरला त्याचा आकार ठाऊक नसायचा. चित्र आलं की खालचा मजकूर धपकन खाली सरकायचा. म्हणून टॅगमध्येच रुंदी आणि उंची लिहायची पद्धत पडली. आकडे दिसले की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवायचा आणि वाचणाऱ्याची ओळ हलायची नाही. पुढे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली. चित्रं पडद्याप्रमाणे ताणली-आकसली जाऊ लागली, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘उंची आपोआप’ असं लिहिलं जाऊ लागलं आणि टॅगमधले आकडे निरुपयोगी ठरले. लोकांनी ते गाळून टाकले. मजकूर पुन्हा उड्या मारू लागला, तोही आता छोट्या पडद्यावर, बोट ठेवायच्या नेमक्या क्षणी. अखेर २०१९ च्या शेवटी क्रोम आणि फायरफॉक्स त्याच दोन आकड्यांवरून चित्राचं गुणोत्तर काढून जागा राखायला लागले. नव्वदच्या दशकातली सवय पुन्हा बरोबर ठरली, आणि मधल्या दहा वर्षांत घडवलेल्या असंख्य पानांत ते आकडे आजही नाहीत.

एचटीटीपी/१.१ हे प्रमाणित रूप १९९७ मध्ये आलं आणि १९९९ मध्ये सुधारलं गेलं. त्यात एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरायची सोय होती. पण एका वेळी एका जोडणीवर प्रत्यक्षात एकच देवाणघेवाण नीट चालायची. पुढची फाइल मागची उतरेपर्यंत खोळंबायची. शिवाय एका सर्व्हरशी दोनापेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत, अशी शिफारसही त्यात होती. ब्राउझरांनी ती पुढे २००८ च्या सुमाराला झुगारली आणि आकडा सहावर नेला. मधली दहा वर्षं मात्र या दोन जोडण्यांच्या बोळातून सगळी रहदारी निघायची होती. वेगाचे बहुतेक प्रसिद्ध नियम याच बोळात जन्मले.

अंतराचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी सुटला. एमआयटीत टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी, एकच मजकूर जगभरच्या अनेक सर्व्हरवर वाटून ठेवायचा तर कोणती फाइल कुठे हे झटपट कसं ठरवायचं, यावर गणित बसवलं आणि १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून फाइली देणारं जाळं) म्हणून आज जे कोणीही दहा मिनिटांत जोडून घेतं, त्याची ही सुरुवात. (लेविन ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या विमानात मारले गेले. त्या दिवशी बातम्यांच्या साइट्सवर लोटलेली गर्दी पेलण्यात त्यांच्याच कामाचा हात होता.)

मग आला युक्त्यांचा सुवर्णकाळ. २००४ मध्ये डेव्ह शे यांनी सीएसएस स्प्राइटची पद्धत मांडली. चाळीस आयकॉन असतील तर चाळीस फाइली न ठेवता एकच मोठं चित्र करायचं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा हवा तेवढा तुकडा दिसेल अशी पार्श्वभूमी सरकवायची. डावीकडे उणे १२८ पिक्सेल, वर उणे ६४ पिक्सेल. एक आयकॉन सोळा पिक्सेलने वाढवायचा झाला तर पुढचे सगळे आकडे बदलायचे. काम किचकट होतं, पण चाळीस रिक्वेस्टची एक व्हायची आणि दोन जोडण्यांच्या जगात हा फरक डोळ्यांना दिसायचा.

या सगळ्याला शिस्त लावली स्टीव्ह साउडर्स यांनी. याहूमध्ये असताना त्यांनी मोजमाप केलं आणि दाखवलं, की वापरणारा ज्या वेळाची वाट बघतो त्यातला ८० ते ९० टक्के वेळ एचटीएमएल हाती आल्यानंतर जातो. तोवर वेगाचा प्रश्न म्हणजे सर्व्हर आणि डेटाबेसचा प्रश्न, असं सगळे धरून चालले होते. क्वेरी दोन मिलिसेकंदांनी सुधारण्यात आठवडे जायचे आणि इकडे ब्राउझर स्क्रिप्टपाशी अडून बसलेला असायचा. २००७ मध्ये त्यांनी चौदा नियम मांडले. रिक्वेस्ट कमी करा, जीझिप लावून फाइली दाबा, कॅशची (ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रतींची) मुदत लांब ठेवा, स्टाइलशीट वर आणि स्क्रिप्ट तळाला ठेवा, वगैरे. हे नियम तपासणारं वायस्लो हे साधनही त्याच वर्षी आलं. ते बसायचं फायरबग या फायरफॉक्सच्या जोडसाधनावर. जो हेविट यांनी २००६ मध्ये आणलेल्या फायरबगने प्रत्येक फाइल कधी मागितली, कधी आली, हे पायऱ्यांच्या आलेखात दाखवलं. तो वॉटरफॉल पाहिल्यावर बॅकएंडवाले (सर्व्हरची बाजू बघणारे) आणि फ्रंटएंडवाले (ब्राउझरची बाजू बघणारे) यांच्यातले निम्मे वाद मिटले, असं म्हणायला हरकत नाही. आजच्या प्रत्येक ब्राउझरमधला नेटवर्क टॅब त्याच वळणाचा आहे.

स्क्रिप्ट तळाला का? कारण स्क्रिप्ट चालता चालता पानातच नवा मजकूर लिहू शकते. म्हणून टॅग दिसला की ब्राउझर पुढचं वाचणं थांबवायचा, फाइल आणायचा, चालवायचा आणि मगच पुढे सरकायचा. नियम पक्का होता. पण २००८ च्या सुमाराला ब्राउझर अडून बसलेला असतानाही पुढच्या ओळी चाळून फाइली आधीच मागवायला शिकले आणि पुढे काही वर्षांत ‘डिफर’ हा, स्क्रिप्ट पान वाचून झाल्यावरच चालवा असं सांगणारा, टॅगचा गुणधर्म सगळीकडे भरवशाने चालू लागला. त्यानंतर स्क्रिप्ट वर, हेडमध्ये, डिफर लावून ठेवणं जास्त फायद्याचं झालं. फाइल लवकर दिसते, उतरायला लवकर लागते आणि चालते मात्र शेवटी. तरी ‘स्क्रिप्ट तळाला’ हे वाक्य आजही पाठ करून सांगितलं जातं.

वेगासाठी पैसा ओतायला कंपन्या तयार झाल्या त्या प्रयोगांमुळे. गूगलने २००९ मध्ये आपल्याच शोध-निकालांना मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशीर लावून पाहिला आणि लोकांचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी वेग हा शोध-क्रमवारीचा एक निकष झाला. माझ्या मते अभियंत्यांच्या दहा वर्षांच्या कळकळीपेक्षा या एका निर्णयाने जास्त साइट्स सुधारल्या.

त्याच गूगलमधले माइक बेल्श यांनी २०१० मध्ये एक मोजमाप मांडलं. ५ एमबीपीएसवरून १० एमबीपीएसवर गेलं तरी पान उघडण्याचा वेळ जेमतेम ५ टक्क्यांनी घटतो. फेरीचा वेळ, म्हणजे लेटन्सी, कमी केली तर मात्र प्रत्येक टप्प्याला सारखाच फायदा होत राहतो. यामागे टीसीपीचा सावध स्वभाव आहे. नवी जोडणी सुरुवातीला थोडंच पाठवते, पोच मिळाली की दुप्पट, मग आणखी दुप्पट. २०१३ पासून ही सुरुवातीची मर्यादा साधारण दहा पॅकेट (डेटाचे तुकडे), म्हणजे सुमारे १४ किलोबाइट झाली. पानाचा पहिला भाग १४ किलोबाइटमध्ये बसवा, हा सल्ला तिथून आला. रस्ता कितीही रुंद असला तरी पहिल्या फेरीत तेवढंच येणार. आणि फायबरमधल्या प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, तो कोणाच्या विनंतीने वाढत नाही.

बेल्श आणि रॉबर्टो पेऑन यांनी २००९ मध्ये जाहीर केलेल्या स्पीडी या प्रोटोकॉलमधून २०१५ मध्ये एचटीटीपी/२ उभं राहिलं. एका जोडणीवर अनेक फाइली एकाच वेळी, आणि हेडर दाबून छोटे केलेले. इथे जुने तोडगे एका झटक्यात उलटले. जोडण्या वाढवण्यासाठी चित्रं चार सबडोमेनवर वाटली असतील, तर आता प्रत्येक सबडोमेनसाठी वेगळा डीएनएस शोध (नावावरून सर्व्हरचा पत्ता काढणं), वेगळा हँडशेक, वेगळी सुरक्षा-बोलणी, आणि कोणती फाइल आधी पाठवायची हे ठरवणंही विस्कटलेलं. मोठ्या स्प्राइटचंही तसंच. एक आयकॉन बदलला की अख्खी फाइल पुन्हा उतरवायची. शिवाय २००० गुणिले १००० पिक्सेलचं चित्र उलगडल्यावर मेमरीत सुमारे ८ एमबी अडवतं, मग पानावर त्यातले तीनच आयकॉन का दिसेनात.

पण सगळंच उलटलं नाही, आणि इथे घाई करणारे फसले. फाइली एकत्र बांधणं पूर्णपणे बाद झालं नाही, कारण मोठी फाइल जास्त चांगली दबते. शिवाय एक मॉड्यूल (कोडचा स्वतंत्र तुकडा) दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि पहिलं हाती आल्याशिवाय दुसऱ्याचं नावच कळत नाही. खुद्द एचटीटीपी/२ ची एक गाजावाजा झालेली सोय तर फुकटच गेली. ब्राउझरने न मागताच सर्व्हरने फाइल पुढे ढकलायची, तर ती अनेकदा ब्राउझरच्या कॅशमध्ये आधीच असायची. क्रोमने २०२२ मध्ये ही सोय काढून टाकली. त्याच वर्षी प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ ने टीसीपीच सोडलं आणि यूडीपी या साध्या पद्धतीवर बसणारं क्विक घेतलं, म्हणजे हरवलेल्या एका पॅकेटमुळे बाकीच्या फाइली अडकू नयेत.

सगळ्यात गमतीचा अंत झाला तो जेक्वेरीच्या सल्ल्याचा. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेली जेक्वेरी ही तयार जावास्क्रिप्ट कोडची लायब्ररी इतकी पसरली, की ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवूच नका, सार्वजनिक सीडीएनवरून घ्या, येणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ती दुसऱ्या कुठल्या साइटमुळे आधीच असेल, असं सांगितलं जायचं. तर्क बिनतोड होता. पण ‘ही फाइल आधीच आहे का’ यावरून माणूस कुठे कुठे फिरून आला, याचाही माग काढता येतो. म्हणून ब्राउझरांनी प्रत्येक साइटसाठी कॅश वेगळी केली. सफारीने ते आधीच केलं होतं, क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. फायदा शून्यावर आला आणि तिसऱ्या डोमेनशी जोडणी करण्याचा खर्च तेवढा उरला. टॅग मात्र लाखो पानांत तसेच आहेत.

साधनांची कथा थोडक्यात. रायन डाल यांच्या नोडने २००९ मध्ये जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर काढली आणि फ्रंटएंडला स्वतःची कार्यशाळा मिळाली. ग्रंट, गल्प, वेबपॅक अशी कोड बांधून तयार करणारी साधनं पाठोपाठ आली. रोलअपने २०१५ मध्ये न वापरलेला कोड झाडून टाकण्याची पद्धत लोकप्रिय केली. गो भाषेत लिहिलेलं ईएसबिल्ड आणि इव्हान यू यांचं व्हीट २०२० मध्ये आलं. यातला बराच वेग डेव्हलपरच्या वाट्याला आला, वाचकाच्या नव्हे. हा फरक जाहिरातीत सहसा सांगत नाहीत.

कारण तोवर अडथळा तारेतून निघून फोनच्या प्रोसेसरमध्ये शिरला होता. २०१३ मध्ये रिअॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली आणि पान ब्राउझरातच घडवायची रीत रुळली. २०० किलोबाइटचं चित्र आणि २०० किलोबाइटची स्क्रिप्ट उतरायला सारखाच वेळ घेतात. पण चित्र नुसतं उलगडायचं असतं, स्क्रिप्ट वाचायची, कंपाइल करायची आणि चालवायची असते, तीही ज्या धाग्यावर (प्रोसेसरच्या कामाच्या रांगेवर) बोटाचा स्पर्श ओळखला जातो त्याच धाग्यावर. साध्या फोनवर पान दिसतं, बटण दिसतं, दाबलं तर काही होत नाही. मग २०१६ मध्ये रिअॅक्टवरच उभ्या असलेल्या नेक्स्टजेएसने एचटीएमएल पुन्हा सर्व्हरवर घडवायला घेतलं. बर्नर्स-ली यांचा सर्व्हर पहिल्यापासून तेच करत होता, हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही.

मोजपट्टीही हळूहळू सरकली. आधी पान पूर्ण उतरल्याची घटना मोजायचे, पण तिचा वाचणाऱ्याच्या अनुभवाशी संबंध सैलच होता. गूगलने २०२० मध्ये तीन मापं पुढे केली. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, पहिल्या स्पर्शाला ब्राउझरने १०० मिलिसेकंदांत हात घालावा आणि पानाच्या हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. दुसरं माप फारच उदार निघालं. फक्त पहिला स्पर्श, आणि तोही काम सुरू होईपर्यंतचाच वेळ. त्यात जवळजवळ सगळेच पास होत. म्हणून मार्च २०२४ मध्ये ते काढून, भेटीतल्या सगळ्या स्पर्शांचा विचार करणारं आणि पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ धरणारं माप आणलं, मर्यादा २०० मिलिसेकंद. ज्या साइट्स गूगलच्या तपासणीत आदल्या दिवशी हिरव्या (पास) होत्या, त्यांतल्या बऱ्याच पिवळ्या झाल्या. कोड तोच होता. त्यांच्या दुरुस्तीत आता मुख्य काम असतं लांबलचक स्क्रिप्टचे तुकडे पाडून मध्ये ब्राउझरला श्वास घेऊ देण्याचं, आणि बाहेरून जोडलेल्या जाहिरात-मोजणीच्या स्क्रिप्टपैकी कोणत्या खरंच लागतात, हे मार्केटिंगवाल्यांना विचारण्याचं.