दुहेरी फॉर्म सबमिट रोखणे

एकच फॉर्म दोनदा सर्व्हरकडे गेला तरी काम एकदाच व्हावं यासाठी वेब अ‍ॅप्लिकेशनमधे जे उपाय करतात ते. नेट स्लो असलं की माणूस परत क्लिक करतो, कुणी रिफ्रेश मारतो, कुणी बॅक जाऊन पुन्हा पाठवतो, मोबाईल अ‍ॅप तर टाइमआउट झाला की स्वतःच रिट्राय करतं, आणि मग एकाच्या दोन ऑर्डरी पडतात नाहीतर पैसे दोनदा कापले जातात.

मूळ एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात आहे. त्यातल्या पुट (माहिती ठेवणं) आणि डिलीट (काढून टाकणं) या रिक्वेस्ट कितीदाही पाठवल्या तरी परिणाम एकदा पाठवल्यासारखाच राहावा असं स्टँडर्ड सांगतं, पोस्ट (माहिती पाठवणं) या रिक्वेस्टला तशी हमी नाही, आणि असे फॉर्म पोस्टनेच जातात.

रिफ्रेशवरचा उपाय म्हणजे पोस्ट-रिडायरेक्ट-गेट. सर्व्हर पोस्टला थेट पान न देता ३०३ हा 'दुसरीकडे जा' असा कोड देऊन दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो, ब्राउझर तिथं गेटने, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या रिक्वेस्टने जातो, मग रिफ्रेश केलं तरी तेवढं पानच परत येतं. ३०३ हा कोड एचटीटीपी १.१ सोबत आला, ३०२ हा रिडायरेक्टचा कोड त्याआधीपासूनचा, आणि अजूनही बरेच जण तोच वापरतात. पण उत्तर यायच्या आतच दुसरं क्लिक पडलं तर याचा काही उपयोग नाही.

बटण जावास्क्रिप्टने डिसेबल करणं चांगलंच, जरूर करा, पण ती फक्त युजरची सोय झाली. सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून फॉर्ममधे ठेवलेला गुप्त कोड) आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. ते टोकन बऱ्याचदा सेशनभर एकच असतं, त्यामुळे डुप्लिकेट त्यातून आरामात जातात.

खरी अडवणूक डेटाबेसमधेच होते. आधी सिलेक्ट करून (शोधून) बघायचं आणि रेकॉर्ड नसेल तर इन्सर्ट करायचं (नवं घालायचं) असा कोड सगळीकडे दिसतो, पण दोन रिक्वेस्ट काही मिलिसेकंदांच्या फरकाने आल्या तर दोघींनाही रेकॉर्ड दिसत नाही आणि दोन्ही इन्सर्ट होतात. म्हणून फॉर्म उघडतानाच एक युनिक की बनवायची, फॉर्मसोबत पाठवायची आणि डेटाबेसमधे तिच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा घेऊ नये असा नियम लावायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमधे ९.५ आवृत्तीपासून यासाठी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (की आधीच असेल तर काहीच करू नको) आहे. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या एपीआयमधेही (दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायची सोय) अशीच 'आयडेम्पोटन्सी की' असते, तीच की परत आली की पहिल्या वेळचंच उत्तर मिळतं. की प्रत्येक क्लिकला नवी बनवली तर सगळंच फुकट. आणि रक्कम, नाव असल्या मजकुरावरून डुप्लिकेट ठरवू नये, एकाच माणसाला पाचशे रुपये खरंच दोनदा पाठवायचे असू शकतात.