विश्वाचा शेवट आणि एका स्थिरांकाची ये-जा

विश्वाच्या शेवटाविषयीचा वाद २०२४ पासून पुन्हा तापला आहे, पण त्याची मुळं आइनस्टाइनने १९१७ मध्ये आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात घातलेल्या एका स्थिरांकात आहेत. विश्व स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळू नये म्हणून तो घातला होता. १९२९ मध्ये दीर्घिका दूर जाताना आढळल्या, त्याची गरज उरली नाही आणि दोन-तीन वर्षांत तो काढूनही टाकला गेला.

पुढची साठ-पासष्ट वर्षं हिशेब सरळ होता. द्रव्य पुरेसं असेल तर प्रसरण थांबून सगळं परत आत कोसळणार, म्हणजे बिग क्रंच. कमी असेल तर विश्व पसरत, थंड होत जाणार. सीमारेषा घनमीटरमागे हायड्रोजनच्या पाच-सहा अणूंची. १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभही नव्हता, अंतही नव्हता. पुढे पुण्यात खगोलशास्त्राचं केंद्र उभारणाऱ्या जयंत नारळीकरांनी तो नेटाने लढवला. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग प्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभातून उरलेला मंद प्रकाश, सापडल्यावर तो मागे पडला. मात्र प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं त्यात आधीपासूनच गृहीत होतं, हे विसरलं जातं.

१९९८ मध्ये दोन गट प्रसरण किती मंदावतंय ते मोजायला निघाले आणि निघालं उलटंच. दूरचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळणारे तारे, अपेक्षेपेक्षा फिके, म्हणजे सरासरी १० ते १५ टक्के अधिक लांब. स्थिरांक परत आला, या वेळी प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेच्या रूपात. २०११ मध्ये या शोधाला नोबेलही मिळालं. ही ऊर्जा मुळात काय आहे, ते मात्र तसंच राहिलं.

ती काळानुसार वाढत गेली तर काय, याचं गणित २००३ मध्ये मांडलं गेलं, तेच बिग रिप, म्हणजे सगळं फाटून विखुरणं. उदाहरणादाखल धरलेल्या आकड्यानुसार शेवट २,२०० कोटी वर्षांनी. त्याच्या तीन महिने आधी सूर्यमाला सुटी होणार आणि अर्धा तास आधी पृथ्वी फुटणार.

आताचा वाद बरोबर उलट्या दिशेचा आहे. अॅरिझोनातल्या दुर्बिणीवरून दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसारांचा (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचा) नकाशा तयार झाला. २०२५ च्या मांडणीनुसार कृष्ण ऊर्जा क्षीण होत असावी. पण हा निष्कर्ष एकट्या नकाशातून निघत नाही; त्याला सूक्ष्मतरंग प्रारणाची जोड द्यावी लागते आणि बहुतेकदा अतिनवताऱ्यांचीही दिली जाते. इथेच खरी मेख आहे. अतिनवताऱ्यांच्या तीन याद्या उपलब्ध आहेत. एक घेतली की खात्री २.८ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसल्याचं माप), दुसरी घेतली की ३.८, तिसरी घेतली की ४.२. शोध म्हणायला ५ लागतात. बातम्यांत अर्थातच ४.२ गाजला. या तिसऱ्या यादीत जवळचे अतिनवतारे जुन्या, वेगळ्या सर्वेक्षणांतले आहेत. जवळच्या आणि दूरच्या ताऱ्यांच्या तेजस्वितेत सुमारे ०.०४ प्रतीची (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) विसंगती असावी, असा आक्षेप आला. एवढ्याने निष्कर्ष डळमळतो. ही यादी करणाऱ्या गटानेच तेजस्वितेची मोजमापं नव्याने जुळवून घेतल्यावर ४.२ चा आकडा ३.२ वर आला.

तरीही कल शून्य झालेला नाही. बिग क्रंच परतल्याच्या मथळ्यांना मात्र आधार तोकडा आहे. ऊर्जा घटतेय एवढ्याने विश्व कोसळत नाही. त्यासाठी ती पुढे ऋण व्हावी लागेल, आणि त्याविषयी हा नकाशा काहीच सांगत नाही.