दहावं होत नाही तोच 'साहेबांचा' फोन, हे सुरू कुठून झालं

कळव्याच्या आत्याचे मिस्टर गेले आणि दहाव्याच्या संध्याकाळी फोन आला, पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, विम्याचे 7 लाख मंजूर झालेत, फाईल आजच क्लोज होतेय, प्रोसेसिंगचे साडेअठरा हजार भरा. नाव, कंपनी, गेल्याची तारीख, सगळं बरोबर सांगितलं. आत्याने भरले. आता नातेवाईक तिलाच बोलतात त्याचा मला फार राग येतो, म्हणून हे लिहितेय.

सरकारी माणसाचं सोंग जुनंच आहे. 1860 च्या इंडियन पिनल कोडमध्येच त्यासाठी कलम 170 होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते 204 झालंय, कमीत कमी सहा महिने नि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. पण पूर्वी घरातलं माणूस गेल्यावर सरकारशी एवढा संबंधच यायचा नाही, जमीन-घर असलं तर कोर्टातून वारस दाखला काढायचा, आपल्याकडे तो अजूनही 1827 च्या रेग्युलेशनवर निघतो. मग 1969 ला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला, आता नियमाने 21 दिवसांत नोंद करायची. ठाणे-बेलापूर रोडला कारखाने उभे राहिले, घरोघरी पीएफ आला, 1976 ला त्याला जोडून विमा आला, 1995 ला पेन्शन. चांगल्याच गोष्टी आहेत, पण कोणत्या टेबलावर आपलं काय आहे हे मागे राहिलेल्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तिथेच एजंट शिरला. तो निदान गेटवर उभा दिसायचा तरी.

कोविडनंतर चित्र बदललं. एप्रिल 2021 मध्ये पीएफच्या विम्याची मर्यादा 7 लाख झाली, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना 50 हजार द्यायला मंजुरी दिली, अर्ज ऑनलाइन. पुढे 24 मार्च 2022 ला खोट्या दाव्यांमुळे कोर्टानेच महाराष्ट्रासह चार राज्यांतले 5 टक्के अर्ज तपासायला केंद्राला परवानगी दिली, मग 'व्हेरिफिकेशनसाठी फोन केलाय' म्हटल्यावर कुणाला खोटं वाटणार?

आणि माहिती आपणच चौकात लावतो हो. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स बघा, फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, दशक्रिया कुठे, उत्तरकार्य कधी, खाली 'शोकाकुल' म्हणून मुलांची नावं, कधी मोबाईल नंबर पण. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला नि फेसबुकला जातो. माणूस गेला हे लोकांना कळलं पाहिजे, आपली रीतच आहे ती, मला त्यात काही चूक वाटत नाही, पण फोन करणाऱ्याला शोधायला काही उरतच नाही. त्यात जी बाई आठवडाभर झेरॉक्स घेऊन रांगा लावतेय तिला साहेब स्वतःहून फोन करून 'तुमचं काम झालं' म्हणतात, तेव्हा तिला संशय येत नाही, हायसं वाटतं. आत्या हेच म्हणाली मला, "कुणीतरी आपणहून विचारलं गं."

नवीन सोय आली की नवीन बहाणा मिळतो. जून 2025 पासून गेलेल्या माणसाची नोंद मायआधार पोर्टलवर घरच्यांना करता येते, म्हणजे उद्या 'बाबांचं आधार बंद करायचंय, ओटीपी सांगा' असा फोन येऊ शकतो. ओटीपी द्यायचाच नाही, फोन ठेवायचा आणि ऑफिसचा नंबर आपण शोधून लावायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 लावायचा, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन एप्रिल 2021 ला 155260 या नंबरवर सुरू झाली होती. तक्रार गेली की बँका पुढच्या खात्यांत रक्कम अडवायला बघतात, त्यामुळे अर्धा तास पण महत्त्वाचा असतो. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी लावला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

पीएफ, पेन्शन, विमा तिन्हीसाठी मृत्यूनंतरचा एकच कंपोझिट क्लेम फॉर्म असतो आणि त्याला फी नाही. तो आम्ही गेल्या सोमवारी आत्याबरोबर जाऊन भरला, पोचपावती तिने देवघरात ठेवलीय.