गोल्फ खेळताना कंबर, कोपर, मनगट सांभाळा
(आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या खेळाडूंसाठी. डाव्या-उजव्याचे उल्लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी उलट वाचावे.)

पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, कोर्सवर ३६ ‘पट’ (खळग्याजवळ चेंडू हलकेच ढकलण्याचे फटके) गृहीत धरलेले असतात. ९५ च्या आसपास स्कोअर करणारा हौशी खेळाडू हे ‘पट’ सोडून साधारण ६० फटके मारतो, तेही चार-साडेचार तासांत. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मात्र १०० चेंडूंची बकेट तासाभरात संपते. बऱ्याच दुखण्यांचे मूळ या घाईत आहे. दर २०-२५ चेंडूंनंतर पाच मिनिटे थांबा, ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) शेवटी काढा.

कंबर
सर्वाधिक तक्रारी हिच्याच. कमरेचे मणके एका बाजूला जेमतेम १०-१५ अंश वळतात; बाकीचे वळण खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवे. ते आखडलेले असले की सगळा पीळ कमरेवर येतो. उभे राहताना डावा चवडा लक्ष्याकडे २०-३० अंश वळवा. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) डावी टाच थोडी उचलली गेली तरी चालेल, प्रशिक्षक काहीही म्हणोत.

पहिल्या टीआधी (खेळातल्या पहिल्या फटक्याआधी) दहा मिनिटे द्या: तीन मिनिटे भरभर चाला, क्लब खांद्यांवर आडवा धरून दोन्हीकडे दहा-दहा वेळा वळा, प्रत्येक पाय दहा वेळा पुढे-मागे झुलवा, मग वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) अर्धे स्विंग. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्या. ट्रॉली असेल तर ओढण्यापेक्षा ढकला.

कोपर
उजव्या कोपराची आतली बाजू दुखते तो गोल्फर्स एल्बो. पण डाव्या कोपराची बाहेरची बाजू, म्हणजे टेनिस एल्बो, गोल्फरांमध्येही भरपूर दिसतो. कारणे तीच: ग्रिप (क्लबची मूठ) आवळून धरणे आणि काँक्रीटवरच्या पातळ मॅटवर आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) आपटणे. गवतावर क्लब जमिनीत शिरतो. मॅटवर तो हादरा हातात परत येतो. ग्रिपची जाडी तपासा: डाव्या हाताची मधली बोटे तळव्याला जेमतेम टेकावीत.

आतली बाजू दुखत असेल तर हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा वर. अर्धा ते एक किलोचे डंबेल दुसऱ्या हाताने उचलून द्या आणि चार-पाच आकडे मोजत हळू खाली सोडा. १५ वेळा, तीन सेट. बाहेरची बाजू दुखत असेल तर तळवा खाली करून हेच.

मनगट
क्लब झाडाच्या मुळावर किंवा टणक जमिनीवर आदळला आणि डाव्या तळव्यात करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ दुखू लागले, तर मुरगळले म्हणून सोडू नका. ग्रिपचे टोक नेमके तिथल्या हॅमेट या छोट्या हाडावर दाबते आणि त्याचा हुकासारखा पुढे आलेला भाग मोडू शकतो. पकड सैल पडणे, करंगळीत मुंग्या येणे ही लक्षणे. साध्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर अनेकदा दिसत नाही; डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल विचारा आणि तोवर क्लब हातात घेऊ नका.