हलगी, ख्याल आणि एकच पेन ड्राइव्ह

गाडी कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघाली की पेन ड्राइव्हवर आधी हलगी कडाडते, मग विलंबित ख्याल लागतो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा, तर कळे यायच्या आत पुढचं वरातीचं रीमिक्स कानठळ्या बसवतं.

सगळ्या फायलींच्या आवाजाचं सर्वोच्च टोक सारखं करून हे मिटत नाही. डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा ० डेसिबल. हलगीची थाप तिथं क्षणभर टेकते. रीमिक्स कॉम्प्रेसरनं, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणाऱ्या यंत्रणेनं, दाबून भरलेलं, त्यामुळे ते सतत तिथंच घुटमळतं. टोक दोघांचं एकच, पण कान टिकून राहिलेली पातळी जोखतो. शिवाय अगदी खालचा खर्ज त्याला कमी जाणवतो, २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा जास्त.

२००१ मधल्या 'रिप्लेगेन' पद्धतीनं हाच हिशेब धरला. तिची दुरुस्ती फायलीच्या टॅगमध्ये, म्हणजे तिच्यासोबतच्या माहितीच्या नोंदीत, लिहिली जाते आणि प्लेअर ती वाचून आवाज कमी-जास्त करतो. गाडीतले बरेच स्टिरिओ मात्र हा टॅग बघतच नाहीत. तिथं 'एमपीथ्रीगेन' हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर कामाला येतं. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यात, आवाजाच्या पातळीचा एक आकडा असतो. तो एका पायरीनं बदलला की १.५ डेसिबलचा फरक पडतो. फाइल पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, म्हणून केलेलं मागेही घेता येतं. ऑडिओ एडिटरमध्ये उघडून परत एमपीथ्री केली, तर दर्जा थोडा जातोच.

आधी फोल्डरची प्रत काढा, मग 'ट्रॅक अ‍ॅनालिसिस' चालवा. ठरलेलं लक्ष्य ८९ डेसिबल असतं (हे कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप, टोकाच्या ० डेसिबलचं नव्हे), आणि घोळ इथंच होतो. समजा ख्याल ८३ वर आहे आणि त्याचं टोक कमाल मर्यादेच्या २ डेसिबल खाली. ६ वाढवले की टोक मर्यादेच्या ४ वर जातं, तान छाटली जाते आणि आवाज फाटतो. 'क्लिपिंग'च्या रकान्यात 'वाय' (Y) दिसला की हेच समजायचं. लक्ष्य ८४.५ करा. ख्याल फक्त १.५ नं वाढेल, ९९ वरचं रीमिक्स १५ नं खाली येईल (पायरी १.५ ची असल्यानं १४.५ ऐवजी १५). ख्याल वर ढकलण्यापेक्षा रीमिक्स खाली ओढलेलं बरं. उरलेलं काम स्टिरिओच्या बटणाचं. मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल तर ते हळू वाजेल, पण फाटलेलंच.

एकाच बैठकीतल्या आलाप, विलंबित, द्रुत अशा वेगळ्या फायली असतील, तर 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम' पर्याय घ्या. नाहीतर आलाप द्रुतइतकाच मोठा होतो आणि गवयानं बेतानं चढवलेली बैठक सपाट होऊन जाते.